संदेश-रांग व तिच्यावरील देखरेख

एका संगणकीय आज्ञावलीने दुसऱ्या आज्ञावलीसाठी पाठविलेले संदेश काही काळ साठवून ते ठराविक क्रमाने पोहोचविणाऱ्या व्यवस्थेस संदेश-रांग असे म्हणतात. ही व्यवस्था अलीकडे बहुधा कंटेनर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंदिस्त आवरणात चालविली जाते. रांग किती लांबली आहे, संदेशांना किती वेळ ताटकळावे लागते आणि व्यवस्थेची स्मृती व साठवण पुरेशी आहे किंवा नाही, हे सतत मोजून बिघाडाचा इशारा वेळीच देण्याच्या योजनेस देखरेख असे संबोधिले जाते. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे रॅबिटएमक्यू या प्रचलित प्रणालीच्या अनुरोधाने विवेचन केले आहे. त्यातील तत्त्वे इतर प्रणालींनाही बहुतांशी लागू पडतात.

स्वरूप : संदेश-रांगेत तीन घटक असतात : संदेश पाठविणारा प्रेषक, तो घेऊन त्यावर काम करणारा ग्राहक आणि या दोहोंच्या मधील ब्रोकर अथवा मध्यस्थ. प्रेषक आपला संदेश मध्यस्थाच्या स्वाधीन करून लगेच पुढील कामास लागतो. ग्राहक सवडीनुसार संदेश घेतो व काम पूर्ण झाल्यावर मध्यस्थाला पोच देतो. पोच मिळाल्यानंतरच मध्यस्थ तो संदेश रांगेतून काढून टाकतो; पोच न देता ग्राहक बंद पडल्यास तोच संदेश दुसऱ्या ग्राहकास दिला जातो. नोंदणीकृत टपालाची पद्धत साधारणतः अशीच असते. या रचनेमुळे दोन लाभ होतात. ग्राहक काही काळ बंद असला, तरी प्रेषकाचे काम अडत नाही आणि कामाचा अचानक आलेला लोंढा रांगेत थोपविला जाऊन सावकाश निपटता येतो.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील नहर-ए-अंबरी ही जलवाहिनी या संदर्भात उद्‌बोधक ठरते. मलिक अंबर याच्या पुढाकाराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या या भूमिगत वाहिनीवर माणसाला आत उतरता येईल अशी विवरे व पाणी वर चढविणारे मनोरे ठिकठिकाणी ठेविले आहेत. वाहिनी जमिनीखाली असल्याने तिच्यातील अडथळा वरून दिसत नाही. तो शोधण्यास अशी मोकळी ठिकाणेच उपयोगी पडतात. वाहिनी पुढे तुंबली तर तिच्या मागील ठिकाणी पाणी चढते आणि मागे फुटली तर पुढील ठिकाण कोरडे पडते. संदेश-रांगेतील प्रवाहही असाच दृष्टीआड असतो. तो दिसेल अशी विवरे मुद्दाम ठेवणे, हाच देखरेखीचा गाभा होय.

इतिहास : रांगांचा गणिती अभ्यास कोपनहेगन येथील दूरध्वनी कंपनीतील गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग (१८७८–१९२९) यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून सुरू झाला, असे मानतात. दूरध्वनी केंद्रात एकाच वेळी येणाऱ्या मागण्यांसाठी किती वाहिन्या पुरेशा ठरतील, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. पुढे १९६१ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन लिटल यांनी रांगेची सरासरी लांबी, आगमनाचा वेग व प्रतीक्षाकाल यांच्यातील संबंधाची सिद्धता दिली.

संगणकीय संदेशवहनाच्या इतिहासात मराठी नावे लक्षणीय आहेत. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या ‘इन्फर्मेशन बस’ या प्रणालीमुळे रोखेबाजारातील भावांची माहिती अनेक संगणकांना एकाच वेळी पुरविता येऊ लागली. आयबीएम कंपनीने १९९३ मध्ये एमक्यूसीरीज ही प्रणाली बाजारात आणली. निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणालींना परस्परांशी बोलता यावे म्हणून जेपी मॉर्गन चेस या बँकेतील जॉन ओहारा यांनी २००३ मध्ये एएमक्यूपी या खुल्या संकेतावर काम सुरू केले. या संकेतावर आधारलेली रॅबिटएमक्यू २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती एरिक्सन कंपनीने दूरध्वनी केंद्रांसाठी विकसित केलेल्या एर्लांग या भाषेत लिहिलेली आहे. २०११ मध्ये लिंक्डइन कंपनीने काफ्का ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिच्या तीन मुख्य निर्मात्यांपैकी नेहा नारखेडे यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुणे येथे झाले. काफ्कामध्ये वाचलेला संदेश लगेच पुसला जात नाही. ठराविक मुदतीपर्यंत तो खतावणीतील नोंदीप्रमाणे राहतो आणि आपण कोठपर्यंत वाचले, याची खूण प्रत्येक ग्राहकगटासाठी वेगळी ठेवली जाते. शेवटची नोंद व ही खूण यांतील अंतरास पिछाडी म्हणतात. काफ्कावरील देखरेखीत या पिछाडीला तेच स्थान आहे, जे रॅबिटएमक्यूमध्ये रांगेच्या लांबीला आहे.

कंटेनर : मालवाहतुकीतील प्रमाणित पेटीवरून हे नाव आले. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने अशा ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. आतील माल कोणताही असो, पेटीचे माप व उचलण्याची रीत एकच राहते, हे तिचे वैशिष्ट्य. संगणकातील कंटेनरमध्येही आज्ञावली व तिला लागणारे सर्व साहित्य एकत्र बांधलेले असते. त्यामुळे ते कोणत्याही यंत्रावर सारख्याच रीतीने चालविता येते. प्रत्येक कंटेनरला किती स्मृती व किती प्रक्रियाशक्ती वापरता येईल यावर मर्यादा घालणारी यंत्रणा लिनक्सच्या गाभ्यात २००८ मध्ये समाविष्ट झाली. डॉकर (२०१३) या साधनामुळे कंटेनरचा वापर सर्वत्र पसरला आणि गूगलने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या कुबरनेटीस या प्रणालीमुळे अनेक यंत्रांवरील असंख्य कंटेनरांचे व्यवस्थापन शक्य झाले.

कंटेनर हा स्वभावतः अल्पजीवी असतो. तो बिघडल्यास दुरुस्त करीत न बसता नष्ट करून नवा उभा करतात. संदेश-रांगेचे कार्य मात्र साठविण्याचे आहे. नाशिवंत आवरणात टिकाऊ वस्तू ठेवण्याच्या या विसंगतीतूनच पुढे वर्णिलेल्या बहुतेक अडचणी उद्‌भवतात.

काय मोजावे : मोजता येणाऱ्या राशी शेकडो असल्या, तरी पुढील मोजक्या राशींवर विशेष लक्ष ठेवावे लागते : (१) रांगेत वितरणासाठी सिद्ध असलेले संदेश, (२) ग्राहकाकडे गेलेले परंतु पोच न आलेले संदेश, (३) संदेश येण्याचा व निपटण्याचा वेग, (४) सर्वांत जुन्या संदेशाचे वय, (५) जोडलेल्या ग्राहकांची संख्या आणि (६) मध्यस्थाची स्मृती, मोकळी साठवण व खुल्या जोडण्यांची संख्या.

यांपैकी एकाच राशीवर विसंबणे घातक ठरते. रांग रिकामी आहे, एवढ्यावरून सर्व आलबेल आहे असे म्हणता येत नाही. प्रेषकच बंद पडले असतील, तरीही रांग रिकामीच दिसेल. म्हणून आगमनाचा वेग स्वतंत्रपणे मोजावा लागतो. तसेच, एका ग्राहकाने एका वेळी किती संदेश उचलावेत यावर मर्यादा नसेल, तर एकच ग्राहक हजारो संदेश आपल्याकडे ओढून घेतो. अशा वेळी पहिली राशी शून्य दिसते, पण दुसरी फुगलेली असते व काम तर पुढे सरकत नसते.

लिटल यांच्या नियमानुसार, स्थिर स्थितीत व्यवस्थेतील संदेशांची सरासरी संख्या ही आगमनाचा वेग व प्रत्येक संदेशाचा सरासरी वास्तव्यकाल यांच्या गुणाकाराइतकी असते. दर सेकंदास २०० संदेश येत असतील व प्रत्येकास ०·०५ सेकंद लागत असेल, तर सरासरी १० संदेश व्यवस्थेत असतात. परंतु आगमनाचा वेग निपटाऱ्याच्या वेगापेक्षा अधिक झाला, की स्थिर स्थिती मोडते. दर सेकंदास २०० संदेश आले व १८० निपटले, तर मिनिटास १,२०० व तासास ७२,००० संदेश साचतात. तासाच्या अखेरीस आलेल्या संदेशाची पाळी येण्यास ७२,००० ÷ १८० = ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद लागतात. नंतर ग्राहक वाढवून निपटाऱ्याचा वेग २६० केला, तरी आगमन चालूच असल्याने साठा सेकंदास केवळ ६० ने घटतो व रांग रिकामी होण्यास आणखी २० मिनिटे जातात. बिघाड दूर झाला तरी त्याचे परिणाम लगेच संपत नाहीत, ते यामुळेच.

क्षमतेच्या अगदी काठावर काम करणेही धोक्याचे असते. आगमन व सेवाकाल यादृच्छिक असलेल्या, एकच ग्राहक असलेल्या सरळ रांगेच्या प्रतिमानानुसार ग्राहक ५० टक्के वेळ व्यग्र असल्यास व्यवस्थेत सरासरी १ संदेश असतो. ८० टक्के व्यग्र असल्यास ४, ९० टक्के असल्यास ९ आणि ९५ टक्के असल्यास १९ संदेश असतात. शेवटच्या काही टक्क्यांत प्रतीक्षा अशी झपाट्याने वाढत असल्यामुळे इशाऱ्याची मर्यादा क्षमतेच्या पुष्कळ अलीकडे ठेवणे शहाणपणाचे होय.

उभारणी : मोजमाप गोळा करण्यासाठी प्रोमीथिअस हे साधन सर्रास वापरले जाते. ते २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत तयार होऊ लागले. मोजल्या जाणाऱ्या सेवेने आपली माहिती पाठवीत बसण्याऐवजी प्रोमीथिअस स्वतःच ठराविक कालांतराने प्रत्येक सेवेकडे जाऊन आकडे वाचून आणते. वाचन अयशस्वी झाले, तर ती सेवा गाठता येत नाही हेही त्याच क्षणी कळते. रॅबिटएमक्यूच्या ३·८ या आवृत्तीपासून (२०१९) प्रोमीथिअसला वाचता येईल असे पान देणारा जोडभाग तिच्याबरोबरच मिळतो. तो कार्यान्वित केल्यावर हे पान सामान्यतः १५६९२ या पोर्टवर उपलब्ध होते. संदेशांची नित्याची वाहतूक मात्र ५६७२ या पोर्टवरून चालते.

उभारणीचा क्रम सर्वसाधारणपणे असा असतो : प्रथम मध्यस्थाच्या कंटेनरमध्ये उपर्युक्त जोडभाग चालू करतात. नंतर मध्यस्थ व प्रोमीथिअस हे दोन्ही कंटेनर एकाच अंतर्गत जाळ्यात आणून, मोजमापाचे पोर्ट बाहेरील जगास खुले राहणार नाही अशी खबरदारी घेतात. तिसऱ्या टप्प्यात वाचनाचे कालांतर ठरवितात. १५ सेकंदांचे कालांतर बहुतेक ठिकाणी पुरते. चौथ्या टप्प्यात ग्राफाना (२०१४) यांसारख्या साधनाने आकड्यांचे आलेख फलकावर मांडतात. शेवटी इशाऱ्यांचे नियम लिहितात व प्रत्येक नियम मुद्दाम बिघाड घडवून पडताळून पाहतात. ग्राहक थांबवून रांग वाढू द्यावी आणि इशारा खरोखरच संबंधित व्यक्तीपर्यंत पोहोचतो का, ते पाहावे. हा अखेरचा टप्पा पुष्कळदा गाळला जातो. न पडताळलेला इशारा मात्र नसल्यासारखाच समजावा.

रांगांची संख्या मोठी असल्यास प्रत्येक रांगेचे स्वतंत्र आकडे वाचणे खर्चिक ठरते व देखरेखीचाच भार सेवेवर पडू लागतो. यासाठी रॅबिटएमक्यू प्रथम सर्व रांगांची एकत्रित बेरीज पुरविते. रांगवार तपशील मुद्दाम मागावा लागतो. बेरजेत एखाद्या लहान पण महत्त्वाच्या रांगेचा बिघाड झाकला जातो. म्हणून मोजक्या कळीच्या रांगांचा तपशील वेगळा घेणे इष्ट असते.

कंटेनरमधील विशेष अडचणी : यांपैकी पहिली स्मृतीची होय. वापरलेली स्मृती एका मर्यादेपलीकडे गेली, की रॅबिटएमक्यू धोक्याची खूण करून प्रेषकांकडून संदेश घेणे थांबविते. ही मर्यादा उपलब्ध स्मृतीच्या प्रमाणात असते. दीर्घकाळ ती ४० टक्के होती व ४·० या आवृत्तीपासून (२०२४) ६० टक्के करण्यात आली. समजा, यंत्राची स्मृती ६४ गिगाबाइट आहे व कंटेनरला त्यांतील केवळ ४ गिगाबाइट दिले आहेत. मध्यस्थाने संपूर्ण यंत्राची स्मृती आपली समजली, तर ४० टक्क्यांच्या हिशेबाने त्याची धोक्याची रेषा २५·६ गिगाबाइटवर जाते. ती कधीच गाठली जात नाही. ४ गिगाबाइट ओलांडताच लिनक्सचा गाभा पूर्वसूचनेशिवाय प्रक्रिया ठार करतो. अशा वेळी कंटेनर १३७ हा समाप्तिसंकेत देऊन बंद पडतो. यावर उपाय म्हणजे उपलब्ध स्मृतीचा आकडा मध्यस्थास स्पष्टपणे सांगणे व कंटेनरची मर्यादा आणि मध्यस्थाची मर्यादा असे दोन्ही आकडे एकाच आलेखावर पाहणे.

दुसरी अडचण नावाची. रॅबिटएमक्यू आपली माहिती ज्या कप्प्यात साठविते, त्याचे नाव यंत्राच्या नावावरून ठरते. कंटेनर नव्याने उभा करताना त्यास नवे यादृच्छिक नाव मिळाले, तर साठवण टिकाऊ असूनही मध्यस्थ नवा रिकामा कप्पा उघडतो. सेवा व्यवस्थित चालू दिसते, परंतु जुने संदेश नाहीसे झालेले असतात. वस्तुतः ते शेजारच्याच कप्प्यात पडून असतात. म्हणून कंटेनरचे नाव स्थिर ठेवणे आवश्यक असते. सेवा जिवंत आहे एवढेच पाहणारी देखरेख हा दोष पकडू शकत नाही. पुनरारंभानंतर रांगेची लांबी एकाएकी शून्यावर आल्यास मात्र इशारा मिळावयास हवा.

तिसरी अडचण साठवणीची. मोकळी जागा ठराविक मर्यादेखाली गेली, की मध्यस्थ प्रेषकांना अडवितो. मूळची ५० मेगाबाइटची मर्यादा प्रत्यक्ष कामासाठी फारच अपुरी असते. चौथी अडचण आरोग्यतपासणीची. कुबरनेटीस ठराविक वेळाने कंटेनरला हाक मारून प्रतिसाद न मिळाल्यास त्याचा पुनरारंभ करते. ही तपासणी फार कडक ठेवल्यास, मोठा साठा वाचून सावकाश उभा राहणारा मध्यस्थ उठण्याआधीच पुन्हा पाडला जातो आणि हे चक्र थांबत नाही. यास्तव पुनरारंभांची संख्या हीदेखील मोजण्याची राशी मानावी.

इशारे : इशारा हा माणसासाठी असतो, त्यामुळे त्याची मर्यादा माणसाच्या शक्तीनेही बांधलेली असते. मध्यरात्री वाजणाऱ्या दहा इशाऱ्यांपैकी नऊ निरर्थक निघू लागले, की दहाव्याकडेही दुर्लक्ष होते. म्हणून ज्यावर तत्काळ कृती करावयाची आहे, अशाच बाबींसाठी माणसास उठवावे. उरलेल्या बाबी सकाळी वाचावयाच्या टिपणात घालाव्यात. रांग क्षणभर लांबणे हा दोष नव्हे, ते रांगेचे कामच आहे. ती सलग दहा मिनिटे वाढत राहणे किंवा सर्वांत जुना संदेश ठरलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ अडकून राहणे, हा दोष होय. प्रत्येक इशाऱ्यासोबत प्रथम काय पाहावे व काय करू नये, याची चार ओळींची सूचना जोडल्यास नवख्या व्यक्तीलाही मार्ग सापडतो.

ज्या संदेशांवर वारंवार प्रयत्न करूनही काम होत नाही, ते वेगळ्या रांगेत टाकण्याची सोय असते. तिला मृत संदेशांची रांग म्हणतात. पत्ता न लागलेली पत्रे टपाल खाते एका स्वतंत्र कार्यालयाकडे पाठविते, तसाच हा प्रकार आहे. या रांगेत पडलेला प्रत्येक संदेश म्हणजे कोणाचे तरी अपुरे राहिलेले काम असते. त्यामुळे ती नियमितपणे उघडून पाहण्याची जबाबदारी कोणावर तरी नेमून द्यावी लागते.

देखरेख करणारी यंत्रणाही बंद पडू शकते. ती मध्यस्थाच्याच यंत्रावर ठेवल्यास दोन्ही एकदम बुडतात व सर्वत्र शांतता पसरते. यासाठी तिला वेगळ्या यंत्रावर ठेवून तिच्याकडून बाहेरील एका ठिकाणी सतत ‘मी चालू आहे’ अशी खूण पाठवितात. खूण थांबली, की इशारा वाजतो. तद्वतच, दर मिनिटास एक चाचणी-संदेश रांगेतून पाठवून तो पलीकडे किती वेळाने पोहोचतो हे मोजल्यास संपूर्ण मार्गाची परीक्षा होते.

उपयोग व महत्त्व : छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेतील शेंद्रा–बिडकीन येथील ऑरिक या नियोजित औद्योगिक नगरातील मुख्य इमारतीचे उद्‌घाटन ७ सप्टेंबर २०१९ रोजी झाले. नगरातील सेवांवर एका केंद्रातून लक्ष ठेवण्याची कल्पना या नियोजनात अंतर्भूत आहे. अशा ठिकाणी पाण्याची पातळी, विजेचा वापर, यंत्रांचे तापमान यांची वाचने असंख्य संवेदकांकडून अखंड येत असतात आणि ती स्वीकारून वाटून देण्यास संदेश-रांग अत्यंत सोयीची ठरते.

उदाहरणादाखल अशी कल्पना करावी, की एखाद्या पाणीपुरवठा योजनेत टाकी भरल्याची वाचने संदेश-रांगेतून पंप बंद करणाऱ्या आज्ञावलीकडे जातात. रांगेत सात मिनिटांचा साठा साचला, तर प्रत्येक वाचन खरे असूनही सात मिनिटे शिळे असते. तोवर टाकी ओसंडून वाहते. ज्या शहराचे पिण्याचे पाणी पैठणजवळील जायकवाडी जलाशयातून उपसून आणावे लागते, तेथे या अपव्ययाचे मोल वेगळे सांगावयास नको. येथे कोणतेही यंत्र मोडलेले नसते व कोणतीही चूक नोंदली गेलेली नसते. केवळ विलंब झालेला असतो. याच कारणाने सुरक्षेसाठी अत्यावश्यक असलेली क्रिया एकट्या रांगेवर सोपवीत नाहीत. टाकीपाशी स्वतंत्र तरंगता खटका ठेवतात.

संदेश-रांग बिघाड झाकून टाकते, हा तिचा गुणही आहे आणि दोषही. ग्राहक बंद पडला तरी प्रेषकाला ते जाणवत नाही व बाहेरून सर्व काही सुरळीत भासते. थेट जोडलेल्या व्यवस्थेतील बिघाड तत्काळ ओरडून सांगतो. रांगेतील बिघाड साचत जातो आणि साठवण संपल्यावरच प्रकट होतो. या मधल्या अवधीत तो लक्षात आणून देणे, एवढेच देखरेखीचे प्रयोजन आहे. त्यामुळे संदेश-रांग उभारणे व तिच्यावरील देखरेख उभारणे ही दोन स्वतंत्र कामे न समजता एकाच कामाची दोन अंगे समजणे योग्य होय.